रेडिएशननंतर बसलेला आवाज कसा सांभाळावा

स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी घेतलेले रेडिएशनचे शेक संपतात, दुर्बिणीच्या तपासणीत गाठ दिसत नाही, घरचे पेढे वाटतात. आणि फोन वाजला की पेशंट तो गुपचूप बायकोच्या हातात देतो. ‘जीव वाचला ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात?’ असं म्हणणारे नातेवाईक भेटतातच. त्यांचं मनावर घेऊ नका. आवाजावर उपाय आहेत, फक्त ते आपणहून मागावे लागतात.

आधी थोडा धीर धरा. स्वरयंत्राच्या कॅन्सरचं रेडिएशन सहसा 6 ते 7 आठवडे चालतं. त्यात स्वरतंतूंना सूज येते, म्हणून आवाज उपचार सुरू असताना आणि नंतरचे काही आठवडे जास्तच बसतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना फरक पडतो. तरी तंतू थोडे ताठर राहू शकतात, आणि लाळग्रंथींवर किरणं पडली असतील तर घसा कोरडा पडतो.

मग एका कागदावर लिहा: आवाजापायी मी काय काय सोडलं? रिक्षावाल्याला पत्ता सांगणं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडणं, भजनी मंडळ. ‘घसा बसलाय’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर मान डोलावतात. हा कागद पुढे ठेवला की बोलणं कामाचं होतं.

तो कागद घेऊन स्पीच थेरपिस्टकडे जा. उपचार परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झाले असतील तर तिथेच विचारा. वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्थाही आहे. दुर्बिणीच्या तपासणीचा शेवटचा रिपोर्ट सोबत असू द्या.

थेरपिस्ट बहुधा स्ट्रॉचा व्यायाम शिकवतील. अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडवायचं, ओठ घट्ट मिटून त्यातून ‘ऊ’ म्हणायचं. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते मध्येच थांबले तर श्वास तुटतोय, आणि पाणी ग्लासाबाहेर उडालं तर जोर जास्त होतोय. दिवसातून चार-पाच वेळा, एक-दोन मिनिटं पुरे. घशात दुखलं की तिथेच थांबा.

कुजबुजून बोलू नका. आवाजाला आराम मिळतो असं वाटतं, पण अनेकांच्या घशावर त्याने उलट ताणच येतो. खाकरणंही तसंच, त्याऐवजी पाण्याचा घोट गिळा. लोकलमध्ये फोन घेऊच नका, दादरच्या गर्दीत तर धडधाकट माणसालाही ओरडावं लागतं. घरी मिक्सर, टीव्ही बंद झाल्यावरच बोला. क्लासमधल्या शिक्षकांकडे असतो तसा कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माइक घ्या; लाजायचं काय त्यात? तंबाखू, मिश्री, विडी, दारू बंद, हे वेगळं सांगायला नको.

मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ताची तपासणी दर सहा-बारा महिन्यांनी करून घ्या. थायरॉइड मंदावलं तरी आवाज जड होतो, आणि तेवढ्यासाठी गोळी पुरते.

सुधारलेला आवाज पुन्हा बसला आणि दोन-तीन आठवडे तसाच राहिला, कानात दुखू लागलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आपल्या डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना घर्रघर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.