पॉलिसीवर सही करण्याआधी

पॉलिसीचा मसुदा हातात आला की पेन्सिल घ्या आणि थेट 'अपवाद' हा भाग उघडा. विमा रक्कम पहिल्याच पानावर ठळक छापलेली असते, पैसे कधी मिळणार नाहीत ते मात्र आत, बारीक अक्षरांत असतं. दावा फेटाळायची वेळ आली की बोट तिथेच ठेवलं जातं. तुमच्या रोजच्या कामाला लागू पडेल अशा प्रत्येक अपवादावर खूण करा आणि एजंटकडून उत्तर लेखी घ्या. 'होऊन जाईल' या तोंडी शब्दावर विसंबू नका.

प्रस्ताव अर्ज स्वतः भरा. दुसऱ्याने भरला असेल तर ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही नको. जुना आजार, आधीचे दावे, जागेचा खरा वापर, काहीच दडवू नका. 1766 साली इंग्लंडमधल्या 'कार्टर विरुद्ध बोहम' खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी परम विश्वासाचं तत्त्व, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाची कुठलीही माहिती दडवायची नाही हा नियम, मांडला तो याचसाठी, कारण जोखमीची खरी माहिती बहुधा विमा घेणाऱ्यालाच असते. तरी निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला. सुमात्रातल्या ज्या किल्ल्याचा तो विमा होता, त्याला असलेला धोका विमा देणाऱ्यालाही समजण्यासारखा होता.

रकमेचं गणित कागदावर मांडून बघा. वजावट, म्हणजे डिडक्टिबल, हा नुकसानातला तुमचा स्वतःचा वाटा. त्याहून चटका बसतो तो अ‍ॅव्हरेज क्लॉजचा, म्हणजे विमा किमतीपेक्षा कमी उतरवला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापणाऱ्या अटीचा. वस्तूची किंमत 100 असताना विमा 60 चाच उतरवला आणि नुकसान 20 चं झालं, तर हातात 12 पडतात.

दायित्व विम्याला, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानाची भरपाई देणाऱ्या विम्याला, मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा, तुमच्या ओल्या जिन्यावरून पाहुणा घसरला आणि त्याचा पाय मोडला. काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का, त्यात कसूर झाली का आणि इजा त्यामुळेच झाली का, हे तिन्ही सिद्ध झालं तर कायद्याच्या भाषेत तो निष्काळजीपणा, आणि भरपाई तुमच्या अंगावर. वकिलाचा खर्च विमा मर्यादेच्या आत धरलाय की वेगळा, हे आधीच विचारून ठेवा. आत असेल तर खटला लांबेल तशी भरपाईसाठी उरलेली रक्कम आटत जाते.

असं काही घडलंच तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. माणुसकीने केलेली मदत ही चुकीची कबुली नव्हे, ती निःशंकपणे करा. मग पायऱ्यांचे फोटो, वेळ, साक्षीदारांचे नंबर, आणि कंपनीला लगेच लेखी कळवणं. 'चूक माझीच, सगळा खर्च मी देतो' असं मात्र कंपनीला न विचारता लिहून देऊ नका, बहुतेक दायित्व पॉलिसींच्या अटींत ते बसत नाही. उलट तुमचं नुकसान दुसऱ्याने केलं असेल, तर त्याला 'माझी तक्रार नाही' अशी चिठ्ठीही देऊ नका. तुम्हाला भरपाई दिल्यावर ती त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो, यालाच सब्रोगेशन म्हणतात, आणि त्या चिठ्ठीने तो हक्क बुडू शकतो.

अजून एक बघायचं राहिलं. पॉलिसी घटनेच्या तारखेवर चालते की दावा आल्याच्या तारखेवर? दाव्याच्या तारखेवर चालत असेल, तर ती बंद करताना पुढे येणाऱ्या दाव्यांसाठी मुदतवाढ मागा. घटनेच्या तारखेवर चालणारी असेल, तर संपल्यावरही फाडू नका, त्या वर्षीच्या अपघाताची नोटीस फार उशिरा येऊ शकते.