वस्तीत नाटक बसवायचंय? आधी नळाची वेळ विचारा

नाट्यशास्त्र शिकलेली मुलं-मुली वस्तीत काम करायचं म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा पिशवीत संहिता तयारच असते. ती घरी ठेवा. सुरुवातीला एवढंच टिपून घ्या: पाणी कधी येतं, धुणीभांडी करणाऱ्या बायका कधी परततात, समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते. संध्याकाळी सहाला नळ येत असेल तर सहाच्या तालमीला तुम्ही एकटेच असाल. आम्ही साडेआठला जमतो. दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानेच बंद, त्यामुळे प्रयोगही तासाभराच्या आतलाच बेतायचा.

संवादांचे कागद वाटू नका. प्रसंग द्या: रेशनच्या मशीनवर आजीचा अंगठा उमटत नाहीये, मागे रांग तापलीय. त्यांना खेळू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, रात्री लिहून काढा. बोली सुधारू नका. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांच्या ‘नया थिएटर’मधले ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे कलावंत हिंदीत आखडायचे आणि छत्तीसगढीत मोकळे व्हायचे, हे तन्वीरांनीच सांगून ठेवलंय. पण म्हणून वस्तीतल्या माणसांना फक्त रेशन-पाण्याचीच नाटकं जमतात असं समजू नका. अतुल पेठे यांनी २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचं जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं होतं.

प्रत्येक भूमिका दोघांना पाठ हवी. कुणाची कामाची पाळी बदलते, कुणी बाळंतपणाला माहेरी जाते. उरलेले संवाद कोरसमध्ये वाटा, म्हणजे एक जण गैरहजर राहिला तरी प्रयोग अडत नाही.

मारहाणीची, नवऱ्याच्या दारूची गोष्ट तालमीत हमखास निघते. जिची गोष्ट तिला ती भूमिका कधीच देऊ नका. नातं बदला, गाव बदला, नवऱ्याचा धंदा बदला आणि तो प्रवेश तिला आधी एकटीला दाखवा. ती ‘नको’ म्हणाली तर काढून टाका, कितीही रंगला असला तरी. तिची सासू पहिल्या रांगेत बसणार असते. प्रयोग संपल्यावर तुम्ही बस पकडाल, तिला त्याच गल्लीत राहायचंय.

पैशांचं. बुडलेल्या रोजाएवढं मानधन बजेटमध्ये आधी धरा, दिवे-नेपथ्य नंतर. यावर तुमचं घर चालणार नाही. मी शाळांमधून नाटक शिकवते, त्यावर भागतं. एखादी संस्था पैसे देत असेल तर संहितेत शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. जाहीर प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा सुचेल तसं रचलेलं नाटकही वेळेत कागदावर उतरवा.

शेवटी ब्राझीलचा रंगकर्मी ऑगस्तो बोआल याची युक्ती वापरून बघा: प्रवेश अडवायचा आणि प्रेक्षकाला विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं? या, करून दाखवा. आमच्याकडे सगळ्यात आधी स्थानिक पुढारी उठतात. म्हणून पहिल्या तीन संधी बायकांना, असं आधीच जाहीर करायचं. पुढाऱ्यांचा नारळ-हार नाटकाआधी उरकून घ्या आणि माइक आपल्याच हातात ठेवा.