ओपी बिल्ड बांधायचाय? आधी रेस्टचा हिशोब बघा

डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम) ओपी, म्हणजे गरजेपेक्षा तगडं, कॅरेक्टर बांधायचं म्हणजे पुस्तकात सगळ्यात मोठा डॅमेज कुठे लिहिलाय ते शोधायचं, असं नवीन पोरांना वाटतं, आणि मग पहिल्याच फाइटमध्ये सगळे स्लॉट (जादूचा मोजका कोटा) उडवून दुसऱ्या फाइटला काठी घेऊन उभे राहतात. तसं नसतं भो. बघायच्या दोनच गोष्टी, एका स्टॅटवर (स्ट्रेंग्थ, करिष्मा असे कॅरेक्टरचे गुण) किती कामं निघतात आणि वापरलेली वस्तू परत कधी भरते. (इथे सगळं २०१४ च्या पाचव्या एडिशनचं आहे, आमचं जळगावचं टेबल अजून त्यावरच चालतं, २०२४ मध्ये काय बदललं ते मध्ये मध्ये सांगतो.)

आधी स्टॅट. पॉइंट बायमध्ये (पॉइंट खर्चून स्टॅट विकत घ्यायची पद्धत) २७ पॉइंट मिळतात आणि एक १५ घ्यायलाच ९ जातात, म्हणजे तीन स्टॅट तगडे ठेवायचे म्हटलं की खिसा रिकामा. पॅलाडिनची (शपथेवर लढणारा जादूवाला योद्धा) हीच बोंब आहे, मारायला स्ट्रेंग्थ, जादूला करिष्मा, जिवंत राहायला कॉन्स्टिट्यूशन. त्यात हेक्सब्लेड वॉरलॉकची एक लेव्हल टाकली (वॉरलॉक म्हणजे करार करून जादू मिळवणारा क्लास, त्यातला हेक्सब्लेड प्रकार २०१७ च्या झनाथर्स गाइड या पुस्तकातला) की तलवारपण करिष्म्यावर चालते. स्ट्रेंग्थ १३ वर सोडून द्या, मल्टिक्लासला (दोन क्लास एकत्र घ्यायला) तेवढीच लागते आणि चेन मेलचं चिलखतपण तेवढ्यात बसतं. फक्त दोन्ही हातांनी धरायचं शस्त्र या लेव्हलला चालत नाही, लोक नेमकं हेच वाचत नाहीत आणि ग्रेटसोर्ड घेऊन येतात, मग डीएमशी (खेळ चालवणारा डंजन मास्टर) हुज्जत.

आता खरी मजा. डिव्हाइन स्माइट (स्लॉट जाळून जास्तीचा डॅमेज देणारा पॅलाडिनचा वार) मारायचा की नाही हे हिट लागल्यावर ठरवायचं असतं, म्हणजे क्रिट (डॅमेजचे फासे डबल करणारा हिट) पडला हे डोळ्यांनी बघून मग स्लॉट जाळायचा, आणि क्रिटमध्ये स्माइटचे फासेपण डबल होतात. पॅलाडिनच्या २ आणि वॉरलॉकच्या ३ लेव्हल धरा. एका पॅक्ट स्लॉटने (वॉरलॉकचा स्लॉट) होल्ड पर्सन स्पेल टाकला, समोरचा ह्युमनॉइड (माणसासारखा जीव) असला आणि सेव्ह (जादू टाळायचा फासा) चुकला तर पॅरलाइझ, आणि त्याला पाच फुटांच्या आतून मारलेला प्रत्येक हिट आपोआप क्रिट. पुढच्या टर्नला लाँगसोर्डचे २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) आणि दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटच्या स्माइटचे ६डी८, सरासरी ३६, वर करिष्मा. पाचव्या लेव्हलला हे बरंच झालं. तो मध्येच सेव्ह मारून सुटला तर मात्र गेला स्लॉट पाण्यात. लांबच्या कॅम्पेनला मी हे करणार नाही, आधी पॅलाडिन ६ पूर्ण करेन, कारण पाचव्याला दुसरा अटॅक येतो आणि सहाव्याच्या ऑरात तुमचा करिष्मा दहा फुटांतल्या सगळ्या दोस्तांच्या सेव्हला लागतो, आणि स्वतःसाठी बांधलेला बिल्ड पार्टीलापण आवडायला लागला की कोणी कुरकुर करत नाही. २०२४ मध्ये स्माइट बोनस ॲक्शनवाला स्पेल झालाय, टर्नला एकदाच.

दुसरी गोष्ट रेस्ट. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला (तासाभराचा आराम) भरतात, बाकी जवळपास सगळ्यांचे लाँग रेस्टला (आठ तासांचा), आणि वॉरलॉकमध्ये सॉर्सरर (जन्मजात जादूवाला क्लास) मिसळून केलेली कॉफीलॉक नावाची बदनाम पळवाट याच फटीतून निघते. सॉर्सरर पॅक्ट स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करू शकतो आणि पॉइंटांतून नवीन स्लॉट, जे लाँग रेस्ट संपेपर्यंत टिकतात. मग लाँग रेस्ट घ्यायचाच कायले? वॉरलॉक ३ असेल तर दर तासाच्या शॉर्ट रेस्टला दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट, त्याचे ४ पॉइंट, त्यातून पहिल्या लेव्हलचे दोन स्लॉट. पार्टी आठ तास घोरते तोवर तुम्ही १६ स्लॉट साठवलेले. झोपेचा प्रश्न ॲस्पेक्ट ऑफ द मून (वॉरलॉकला झोपेची गरज न ठेवणारी शक्ती) सोडवतो. पण झनाथरमध्येच ऑप्शनल नियम आहे, २४ तास लाँग रेस्ट नाही घेतला तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १०, पुढच्या प्रत्येक दिवसाला ५ ने वाढणार, चुकला की एक्झॉस्शन (थकवा). ॲस्पेक्ट फक्त झोप माफ करतो, रेस्ट नाही, ही ओळ डीएमने वाचली असेल तर तुमची दुकानदारी बंद. शिवाय टेबलवर हे कंटाळवाणं होतं बरं का, एक जण हिशोब मांडून बसलाय आणि बाकीचे शेवभाजीची ऑर्डर कोणी द्यायची यावर भांडतायत.

पेझंट रेलगन तर बिल्डपण नाही, नुसता जोक आहे, पण सगळे विचारतात म्हणून. रावेरकडे ट्रक भरताना केळीचा घड जसा हातोहात पुढे जातो तसे शेतकरी पाच-पाच फुटांवर उभे करायचे, प्रत्येकाने रेडी ॲक्शन (आधीच ठरवून ठेवलेली कृती) धरून भाला पुढच्याला द्यायचा, आणि राउंड सहाच सेकंदांचा. जळगाव ते भुसावळ साधारण २५ किलोमीटर धरले तर १६ हजारांवर माणसं लागतील आणि भाला सहा सेकंदांत भुसावळात. पोहोचतो, नियमाने पोहोचतो! पण शेवटच्या माणसाने फेकला की डॅमेज १डी६ च, कारण वेगावरून डॅमेज काढायचा नियमच पुस्तकात नाही. अर्धं पुस्तक आणि अर्धं फिजिक्स असं सोयीने घेता येत नाही. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडने तर नियम म्हणजे फिजिक्स नाही हे लिहूनच टाकलंय.

बिल्ड काहीही असो, शीट भरायच्या आधी डीएमला दोन प्रश्न विचारून घ्या. मल्टिक्लास आणि फीट (जास्तीची खास कौशल्यं) चालणार का, कारण २०१४ च्या पुस्तकात दोन्ही ऑप्शनल आहेत. आणि दिवसाला शॉर्ट रेस्ट किती मिळतात. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडचा अंदाज दोनचा आहे, पण रविवारी संध्याकाळी जमणाऱ्या टेबलवर दिवसाला एकच मोठी फाइट होते, तिथे वॉरलॉक उपाशी मरतो आणि एका फाइटमध्ये सगळं जाळणारा पॅलाडिन राजा होतो. तुमचा ट्रिक ज्या वाक्यावर उभा आहे ते वाक्य पान नंबरासकट आधीच व्हॉट्सॲप करून ठेवा. ऐन फाइटमध्ये पुस्तक काढलं की डीएम "काय करून राहिला भो तू" म्हणत नाहीच म्हणतो, बरोबर असलं तरी.

आणि वन-शॉट (एका बैठकीत संपणारा खेळ) असेल, लेव्हल २, तर डोकं लावूच नका, मून ड्रूइड (प्राण्याचं रूप घेणारा क्लास) घ्या. ब्राउन बेअर झालात की ३४ हिट पॉइंट (जीव) वेगळे, दोन अटॅक, आणि शॉर्ट रेस्टमागे हे दोनदा, म्हणजे ६८ हिट पॉइंट फुकटात, तेपण एकही नियम न वाकवता. २०२४ मध्ये हे गेलं, तिथे मून ड्रूइडच तिसऱ्या लेव्हलला येतो, म्हणून वन-शॉट कुठल्या पुस्तकावर आहे तेवढं आधी विचारा.