गेमबॉयच्या खोक्यात साडेतीन इंची स्क्रीन कसा बसवावा

१९८९ च्या मूळ गेमबॉयच्या (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम) रिकाम्या खोक्यात रास्पबेरी पाय हा छोटा एका बोर्डाचा संगणक घालायचा, तर स्क्रीन म्हणून गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा साडेतीन इंची स्क्रीन सोयीचा पडतो. आतले खांब छाटा, खिडकीची कड कानशीने घासा, स्क्रीन सपाट बसला की झालं. खरी कसोटी स्क्रीनच्या सर्किट बोर्डाची आहे.

बोर्ड १२ व्होल्टचा, रास्पबेरी पाय ५ व्होल्टचा. ‘पाचवरही चालतो, नुसता जोडा’ हा सल्ला मानू नका. बोर्डावरचा रेग्युलेटर व्होल्टेज फक्त उतरवतो. त्याला पाचच दिले, तर पुढे त्याहून कमी जातात आणि स्क्रीन अंधुक होतो किंवा लुकलुकतो. त्याला वगळावंच लागतं.

आधी बोर्ड १२ व्होल्टवर सुरू करा. रेग्युलेटर म्हणजे बहुधा आठ पायांची आयसी (काळी चिप), शेजारी ठसठशीत कॉइल. मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल पिन कॉइलच्या आयसीपासून लांबच्या टोकाला लावा. ५ च्या आसपास दिसले तर पुढे जा. ३.३ दिसले तर तिथे ५ अजिबात देऊ नका, पुढच्या चिपा जळतील; ३.३ चा वेगळा छोटा रेग्युलेटर लावा. वरून सारखे दिसणारे बोर्डही आतून वेगळे निघतात, म्हणून कुणाच्या फोटोवरून वायर जोडू नका. मोजा.

आता आयसी काढा. ती ठेवून आउटपुटकडून वीज दिली, तर वीज कॉइलमधून उलटी तिच्यात शिरते. उचकटू मात्र नका, खालचे पॅड (सोल्डर लागतो ते तांब्याचे ठिपके) उपटून येतात. टोकदार कटरने एकेक पाय अंगालगत कापा आणि उरलेले तुकडे सोल्डरिंग आयर्नने उचला. मग ५ ची वायर मोजलेल्या टोकाला, ग्राउंडची वायर ग्राउंडला. सोल्डर लागल्यावर वायर बोर्डाला चिकटवून टाका, नाहीतर खोकं बंद करताना ओढ बसते आणि पॅडच निघतो.

बोर्डाची कड कापायची असेल, तर जिथे ट्रॅक (वीज नेणारी तांब्याची रेघ) नाही तिथेच कापा. कापताना दोन्ही बाजूंचं तांबं कडेवर ओढलं जाऊन एकमेकांना टेकतं, म्हणून कड बारीक पॉलिश पेपरने घासा. वीज देण्याआधी ५ आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, हे मीटरने बघा.

स्क्रीनची चपटी फीत घडी घालून दाबू नका, सैल वळण द्या. बोर्डामागे कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी टेप) लावा आणि चित्र दिसल्यावरच स्क्रू आवळा.