दीड-दोन वर्षांच्या पोराला कॅम्पिंगला नेताय? या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की मला फोन यायला लागतात. ‘पोरगं दीड वर्षाचं झालंय, भंडारदऱ्याला टेंट टाकायचा विचार आहे, काय काय घेऊ?’ यादी सगळ्यांना हवी असते, बाकीचं ऐकायला कुणाला वेळ नसतो. दरवर्षी चुका मात्र त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंधारात पोचणं. आम्हीही केली होती. लेक वीस महिन्यांची. मुंबईहून दुपारी तीनला निघालो, कसारा घाटात ट्रकांच्या मागे रखडलो, घोटीला चहा झाला, भंडारदऱ्याच्या शेंडी गावात पोचेस्तोवर साडेसात. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. टेंट नवाकोरा, पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर निघालेला. नवरा तोंडात बॅटरी धरून दांड्या जोडतोय, मी लेकीला कडेवर घेऊन खुंट्या शोधतेय. एक दांडी काही केल्या बसेना. वीस मिनिटांनी डोक्यात उजेड पडला की ती बाहेरच्या कव्हरची होती. तोवर लेकीच्या जेवणाची वेळ टळली, रडून रडून तिला उलटी झाली. शेजारच्या तंबूतल्या एका आजींनी न विचारता गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, तिला आधी माझ्याकडे दे.’

तेव्हापासून दुपारी दोनच्या आत पोचणार असू तरच निघतो. आणि नवा टेंट आधी आठवडाभर हॉलमध्ये उभा राहतो. डोम टेंट खुंट्यांशिवायही दांड्यांच्या ताणावर उभा राहतो, फरशीची अडचण येत नाही. पोर त्यात दुपारची झोप काढतं, कापडाला वरणाचे हात पुसतं, टेंट त्याचा होऊन जातो. ‘व्हिडिओ बघितलाय, दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक त्याच रात्रीची. थंडी वरून येते असं आपण धरून चालतो. लेकीवर दोन ब्लँकेटं होती, खाली हवा भरायची गादी. पहाटे तीनला ती कुडकुडत उठली. पाठ गार, गादीला हात लावला तर तीही गार. साध्या हवेच्या गादीतली हवा आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. उरलेली रात्र ती माझ्या पोटावर झोपली, मी जागी. आता सगळ्यात खाली फोमची मॅट, तिच्यावर सासूबाईंची जुन्या लुगड्यांची गोधडी, मग पोर. अंगात कपड्यांचे दोन-तीन थर, पायात मोजे. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत लहान मूल घालू नका, आत घसरून तोंड झाकलं जातं.

थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी गच्च लावणारेही भेटतात. श्वासाची वाफ कापडाला धरते आणि पहाटे थेंब थेंब पोराच्या तोंडावर पडतात. वरची जाळी उघडी ठेवा.

शेगडी तंबूत आणायची नाही, म्हणजे नाहीच. विझत आलेले निखारेसुद्धा नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतही नाही.

धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. पाणी सोडलं की काठ मागे सरतो, वरून सुकलेला दिसणारा गाळ खाली मऊच असतो. आमच्याकडे एक मोठं माणूस फक्त पोराचं. त्याने फोटो काढायचे नाहीत, चुलीकडे बघायचं नाही.

खाण्यात प्रयोग नको. मेतकूट-भात, तूप आणि घरचाच डबा, ज्यातून ते रोज खातं. बार्बेक्यू तुम्हाला हवं असतं, त्याला नव्हे.

शनिवारी पवना धरणाकाठच्या कॅम्पला जाणार असाल तर गाण्यांचा स्पीकर किती वाजता बंद होतो, ते पैसे भरायच्या आधी विचारा.

काजव्यांसाठी मे अखेरीला पहिलाच कॅम्प? वळवाचा पाऊस रात्री तंबू झोडपतो तेव्हा दोन वर्षांच्या पोराला काजवे दाखवून गप्प करता येत नाही. थंडीत एकदा जाऊन या, मग बघू.

आणि रात्री दोनला पोर थांबतच नसेल, तर गाडीत जाऊन झोपा. आम्ही दोनदा झोपलोय.