बायपासनंतर माणूस घरी आणताना देव्हाऱ्याचीही तयारी

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या असतात, पथ्य असतं, टाक्यांची निगा असते, पुन्हा दाखवायची तारीख असते. देवाबद्दल त्यात एक ओळही नसते. आणि आपल्या घरांत तर उंबरठ्यावरच प्रश्न सुरू होतात. भाकरतुकडा ओवाळून होईपर्यंत अण्णांनी उभं राहायचं का? देवाला वाकून नमस्कार करायचा का? गळ्यातली माळ परत कधी घालायची? सर्जन राउंडला येतात तेव्हा हे विचारायला लाज वाटते, म्हणून कोणी विचारत नाही, आणि घरी आल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. तेव्हा पहिली तयारी हीच: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरातल्या एकाने वही घेऊन बसावं आणि घरच्या माणसाच्या देवधर्माचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, लिहून काढावा. तो डॉक्टरांपुढे किंवा फिजिओथेरपिस्टपुढे ठेवावा. ते हसत नाहीत. उलट बऱ्याचदा त्यांनाच हायसं वाटतं.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि पुन्हा तारेने बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पूर्ण भरवसा ठेवण्याजोगं व्हायला साधारण तीन महिने. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, काही ढकलायचं-ओढायचं नाही. हे वाचलं की आपल्याला पाण्याची बादली आणि भाजीची पिशवी आठवते. पण पूजा डोळ्यांपुढे आणून पाहा. जमिनीवर पाट मांडून बसलेला माणूस उठतो तो तळहात टेकूनच. सहाणेवर चंदन उगाळणं म्हणजे ढकलणं-ओढणंच. नारळ फोडणं, भरलेली पितळी घागर उचलणं, टांगलेली घंटा हात उंच करून वाजवणं, हे सगळं त्याच यादीत बसतं. साष्टांग नमस्काराचं तर नावच नको, कारण सगळा भार छातीवर येतो.

म्हणून माणूस घरी येण्याआधी देव्हारा बघून घ्या. तो खाली असेल तर चौरंगावर चढवा, हात न असलेल्या स्टुलापेक्षा पाठ असलेली, जरा उंच खुर्ची समोर ठेवा. चंदन उगाळून वाटीत तयार ठेवायचं काम नातवाला द्या. धूप आणि जाड उदबत्ती काही आठवडे बंद. धुराने ठसका लागला आणि ताज्या टाक्यांवर खोकला आला की जे होतं ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा धूप पेटवत नाही. खोकताना छातीशी धरायची उशी खुर्चीजवळही एक हवी, फक्त पलंगावर नको. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो, फार वेळ लोंबकळता ठेवायचा नसतो, म्हणून पाय ठेवायला छोटं स्टूल.

माळेचं वेगळं सांगते, कारण यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात. ऑपरेशनला नेताना तुळशीची माळ काढायला लावतात. वारकऱ्याला ते फार लागतं. शुद्धीवर आल्यावर हात आधी गळ्याकडे जातो. पण मणी नेमके टाक्यांच्या वरच्या टोकावर घासतात, आणि घामाने भिजलेला दोरा जखमेपाशी नको. सोपा मार्ग म्हणजे माळ स्वच्छ धुऊन, वाळवून उशाशी ठेवायची किंवा मनगटाला सैल गुंडाळायची, आणि जखम पूर्ण भरल्याचं डॉक्टरांनी पाहिलं की गळ्यात. बायकांच्या मंगळसूत्राचंही तसंच. सासूबाई कितीही कुरकुरल्या तरी लांब, जड मंगळसूत्र पहिले काही आठवडे गळ्यात नको.

आता सकाळ. आपल्याकडची जुनी माणसं स्नान आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. इकडे गोळ्यांचं वेळापत्रक म्हणतं की ॲसिडिटीची गोळी उपाशीपोटी, मग नाश्ता, मग रक्त पातळ ठेवणारी गोळी. पूजा दहापर्यंत लांबली की सगळंच लांबतं, आणि मधुमेह असेल तर त्यात धोकाही आहे. इथे सुनेने समजावून उपयोग नसतो. घरच्या गुरुजींना किंवा वारकऱ्यांच्या फडावरच्या एखाद्या जाणत्या महाराजांना आधीच फोन करून ठेवा. त्यांनी ‘औषधं जाह्नवीतोयं वैद्यो नारायणो हरिः’ एवढं म्हटलं की काम होतं. औषध म्हणजे गंगाजल, वैद्य म्हणजे साक्षात हरी. हे ज्यांना पटतं त्यांना दुसरं काही सांगावं लागत नाही. काकड्यासाठी पहाटे उठण्याची सवय असली तरी सुरुवातीचे आठवडे झोपू द्या. रात्रीची झोप तशीही तुटकतुटक लागते.

उपवासाचा प्रश्न कागदावर सोपा दिसतो, घरात सोपा नसतो. एकादशी महिन्यातून दोनदा येते, शिवाय चातुर्मास, शिवाय घरचा एखादा वार. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा हे हृदयाच्या पथ्याचं अन्न नव्हे. आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निर्जळी केली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घरातल्या दुसऱ्या कोणी तेवढे महिने त्यांच्या वतीने एकादशी धरावी, हा तोडगा मी अनेक घरांत चाललेला पाहिला आहे. बायको किंवा मुलगा धरतो, आणि आजारी माणसाचा नेम मोडल्याची टोचणी कमी होते. मुस्लिम घरांत हाच प्रश्न रमजानमध्ये येतो. आजाऱ्याला रोजातून सवलत कुराणातच दिलेली आहे, राहिलेले रोजे नंतर धरता येतात, तरी घरातल्या वडिलधाऱ्याला ते मौलवींच्या तोंडून ऐकलेलं बरं वाटतं. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांत फादरना आधी कळवलं तर ते कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, द्यायला घरी येतात. तेव्हा खुर्ची तयार ठेवा, गुडघे टेकायचा आग्रह नको.

तीर्थ-प्रसादाचं थोडक्यात. तीर्थ चमचाभर, पंचामृत मधुमेह्याला बोटाला लावून. पेढे घेऊन येणाऱ्यांच्या हातातून डबा घ्यावा आणि सरळ आत न्यावा. कुठला तरी काढा, भस्म, अर्जुनसालीचं चूर्ण कोणी श्रद्धेने आणून दिलं, तर नाही म्हणू नका, पण डॉक्टरांना दाखवेपर्यंत ते कपाटात राहील असं पाहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर काय चालतं आणि काय नाही, हे आणून देणाऱ्याला ठाऊक नसतं. शहाळं आणायची तर चढाओढच लागते. काही गोळ्या चालू असताना किंवा मूत्रपिंड कमजोर असताना त्यातलं पोटॅशियम जड जाऊ शकतं, तेव्हा तेही विचारून. अंगारा-उदी कपाळाला लावायला हरकत नाही. जखमेला नाही, पाण्यातून पोटातही नाही.

नवसांची मात्र खरोखर यादी करा, लेखी. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेली माणसं काय काय बोलून जातात याला सीमा नाही. आत्याने जेजुरीची पायरी बोललेली असते, मामाने तुळजापूर, आणि आईने ‘बरे झाले की ह्यांना पायी पंढरपूरला आणीन.’ नवस आईचा, पाय बाबांचे! माझं मत स्पष्ट आहे: जो बोलला त्याने फेडावा, आणि स्वतःच्या पायांनी. आजारी माणसाला त्यात ओढायचं असेल तर सवडीने, निदान तीन महिने उलटल्यावर, डॉक्टरांना विचारून. आळंदी-देहूची वारी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपासची तीन आठवड्यांची चाल. त्या वर्षी ती नको म्हटल्याने विठोबा रागावणार नाही. तोवर सपाट रस्त्यावरचं जवळचं देऊळ बघून ठेवा. पुण्यात विठ्ठलवाडी आहे, मुंबईत वडाळ्याचं विठ्ठलमंदिर आहे, दोन्हीकडे एकादशी सोडून जावं.

आता ज्याची तयारी कोणी करत नाही ते. आयसीयूमध्ये काही जणांना दोन-चार दिवस भ्रम होतो. भिंतीवर कोणी दिसतं, गेलेली आई येऊन बसते, पांडुरंग उभा राहिलेला दिसतो. लगेच कोणी म्हणतं साक्षात्कार, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी. मोठ्या ऑपरेशननंतर, विशेषतः वय झालेल्यांत, हे होतं आणि बहुधा ओसरतं. डॉक्टरांना लगेच सांगायचं. त्या माणसाने नंतर ते आनंदाने सांगितलं तर ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही. घाबरून सांगितलं तर ते औषधांचं आणि झोपमोडीचं होतं हे शांतपणे समजावायचं. दृष्ट काढून काही बिघडत नाही, पण मांत्रिक घरात येता कामा नये.

आणि मग घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते ती उदासी. आयुष्यभर संध्याकाळी हरिपाठ म्हणणारा माणूस टाळ हातात घेत नाही. क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी, चहा थंड झाला म्हणून संताप, ‘एवढी वारी केली, मलाच का?’ असा प्रश्न. घरचे हादरतात ते त्या प्रश्नाने. कोणी कर्माचा हिशेब सांगायला लागतं, कोणी म्हणतं असं बोलू नका, देव बघतोय. कृपा करून हे दोन्ही टाळा. आपल्या संतांनी विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या आहेत, भांडणं केली आहेत. भक्ताने देवावर रागावणं या परंपरेला नवं नाही. शेजारी बसून तुम्ही हरिपाठ म्हणा, त्यांनी ओठ हलवले तर हलवले. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणं, बोलणं, चालणं सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर ते श्रद्धा कमी पडण्याचं लक्षण समजू नका, डॉक्टरांना सांगा. बायपासनंतरचं नैराश्य सर्रास दिसतं आणि त्यावर उपचार आहेत.

प्रार्थनेचा बोजाही होऊ शकतो. 2006 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलांतले बायपासचे 1802 रुग्ण घेतले. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत 59 टक्क्यांना झाली, आणि ज्यांना खात्री नव्हती पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती त्यांच्यात 52 टक्क्यांना. कारण सिद्ध झालं नाही. ‘माझी अवस्था इतकी वाईट आहे का’ ही धास्ती असेल, असा एक तर्क मांडला गेला. घरच्या माणसांची माया या अभ्यासात मोजलेलीच नव्हती, म्हणून त्यावरून प्रार्थना बंद करण्याचं कारण नाही. मी त्यातून एवढंच घेते की पारायण करा, जप करा, पण ‘तुमच्यासाठी आम्ही एवढं करतोय’ हे रोज ऐकवू नका.

माणसांची वाटणी आधीच करून ठेवा, नाहीतर सगळं आईवर पडतं. गोळ्या एकाच्या हाती, हिशेब आणि आरोग्य योजनेची कागदपत्रं दुसऱ्याच्या. रात्रीची सोबत पाळीने. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या मुलाने रोज व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांच्या चुका काढण्यापेक्षा ठरलेल्या वेळी अभंग ऐकवावा आणि आईला आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकाला बाई लावून द्यावी. भेटायला येणाऱ्यांची वेळ दारावर लिहून लावा, संध्याकाळी पाच ते सहा. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवरच बोलावं. पाया पडायला येणाऱ्यांना उठून आशीर्वाद देण्याची गरज नाही, बसल्या जागेवरून पुरतो.

देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरच आणखी एक कागद चिकटवा: 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, छातीच्या हाडात टक्-टक् जाणवणं, दोन दिवसांत दीड किलो वजन वाढणं, दम लागणं, छातीत नव्याने दुखणं. यांतलं काही दिसलं की आरती अर्धवट सोडून डॉक्टरांना फोन. दम किंवा छातीचं दुखणं असेल तर थेट 108. आणि तपासणीच्या तारखेला जाताना ती पहिली वही बरोबर न्या. त्यात आता नवे प्रश्न जमलेले असतील: मांडी घालून कधी बसता येईल, किती जिने चढून देवळात जाता येईल, पंढरपूरला गेलोच तर पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहायचं की मुखदर्शन घेऊन यायचं.