धार बघितलीस काय?

बालरोग विभागात पी.जी.ला रुजू झालो त्याच आठवड्यात राउंडला सीनियरनं मला अडवलं. बाळाचं वजन, दूध, कावीळ, सगळं घडाघडा सांगून झालं होतं. तो म्हणाला, "धार बघितलीस काय?" मला वाटलं सलाइनचं विचारतोय. त्याला लघवीची धार म्हणायची होती.

बेळगावात नव्यानं रेसिडेन्सीला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मूत्रसंस्थेच्या जन्मजात दोषांना वॉर्डात आपण 'कॅकट' म्हणून मोकळे होतो, पण त्या एका शब्दात बरंच काही कोंबलेलं आहे. एकच किडनी असणं, दोन्ही किडन्या घोड्याच्या नालेसारख्या जुळलेल्या असणं, किडनीतून नळी निघते तिथेच अडथळा (हा आपला पीयूजे), मूत्राशयातून लघवी उलटी वर चढणं म्हणजे रिफ्लक्स, आणि फक्त मुलग्यांत होणारे मूत्रमार्गातले पडदे, म्हणजे व्हॉल्व्ह. लहान मुलांच्या दीर्घकालीन किडनीविकारात जवळपास निम्म्या वेळा मुळाशी यातलंच काहीतरी निघतं. तरी पहिल्या वर्षी आपलं लक्ष न्यूमोनिया आणि झटक्यांकडे, कारण ही बाळं गाजावाजा करत येत नाहीत.

थिअरीचं थोडक्यात सांगतो. गर्भाच्या पाचव्या आठवड्यात युरेटरिक बड, म्हणजे ज्यातून युरेटर (किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी) घडते तो कोंब, फुटतो तिथून गोष्ट सुरू होते आणि साधारण ३६ व्या आठवड्याला नवे नेफ्रॉन, म्हणजे किडनीतले गाळणीचे घटक, बनणं थांबतं. त्यानंतर जे आहे तेच आयुष्यभर पुरवायचं. व्हायव्हाला वायगर्ट-मेयर नियम (एका किडनीला दोन युरेटर असतील तर कुठली कुठे उघडते, त्याचा) हमखास विचारतात, तो पाठ करा. वॉर्डात त्याची गाठ क्वचितच पडते.

आता माझी चूक. आईच्या ३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी फुगलेली होती, पेल्विस (किडनीतली लघवी साठायची पिशवी) ११ मिलिमीटर. दुसऱ्या तिमाहीत ४ आणि तिसऱ्या तिमाहीत ७ मिलिमीटरपर्यंत गेलं की नोंद घ्यायची, हे मला माहीत होतं. बाळ जन्मलं, मी दुसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल आला. मी खूश. डिस्चार्ज कार्डावर 'पुन्हा दाखवण्याची गरज नाही' असं माझ्याच अक्षरात लिहिलं. दोन महिन्यांनी तेच बाळ तापानं फणफणलेलं, दूध तोडलेलं, रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत. लघवीत जंतुसंसर्ग. पुढे एमसीयूत (मूत्राशयात औषध भरून शू करताना काढलेल्या एक्स-रेत) चौथ्या ग्रेडचा रिफ्लक्स निघाला आणि सहा महिन्यांनी डीएमएसए स्कॅनमध्ये (किडनीवरचे व्रण दाखवणारा स्कॅन) किडनीच्या वरच्या टोकाला व्रण.

पहिल्या ४८ तासांत बाळाला लघवी मुळातच कमी होते. फुगलेली पेल्विससुद्धा त्या वेळी चपटी दिसते. म्हणून एका बाजूची सूज असेल तर सोनोग्राफी तिसऱ्या दिवसानंतर, आठवड्याच्या आत करा, आणि ती नॉर्मल आली तरी चार-सहा आठवड्यांनी दुसरी. थांबायचं नाही ते दोन्ही बाजू फुगलेल्या असताना, एकच किडनी असताना, गर्भजल कमी असताना किंवा मूत्राशय जाड दिसत असताना. तेव्हा लगेच. यातल्या सौम्य सुजा बहुतेक आपोआप उतरतात, हेही आईला सांगा, नाहीतर 'किडनी' शब्द ऐकताच घरचे डायलिसिसपर्यंत पोचतात.

पण दुसऱ्या सोनोग्राफीला बाळ येणार कुठून? आपल्याकडे लेक दिलेली असते चंदगडला किंवा गडहिंग्लजला, पहिलं बाळंतपण माहेरी, खानापूर तालुक्यात. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी तिकडे, बाळंतपण इकडे, लसीकरण पुन्हा तिकडे. रिपोर्ट सासरच्या कपाटात. पोटुशीला 'काही सांगितलं होतं काय?' असं विचारलं तर 'सगळं बरं हाय म्हणाले' हेच उत्तर येतं. मी आता थेट फोटो मागवतो. नवऱ्याला फोन लावायला सांगायचं, कपाट उघडायला लावायचं आणि व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचं प्रत्येक पान. दुसऱ्या सोनोग्राफीची तारीख तायी कार्डावर (कर्नाटकातलं आईचं सरकारी नोंदकार्ड) मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड अजून अडखळत लिहितो, पण आशाताईला वाचता आलं म्हणजे झालं.

एक अडचण पुस्तकात सापडणार नाही. पोटातल्या बाळाचं मूत्राशय फुगलेलं, दोन्ही किडन्या फुगलेल्या, संशय व्हॉल्व्हचा. आई विचारते, "आजाराचं नाव काय?" व्हॉल्व्ह फक्त मुलग्यांत होतात, म्हणजे नाव सांगितलं की लिंग सांगितलं. १९९४ च्या कायद्यानं शब्दानं, खुणेनं, कशानंही ते सांगायला बंदी आहे. म्हणून 'लघवीच्या खालच्या वाटेत अडथळा' एवढंच बोलायचं, कागदावरही तेच. मी एकदा ओपीडीत बोलता बोलता 'त्याला' म्हणून गेलो आणि उरलेली दुपार घामानं भिजलो. 'बाळाला' म्हणायची सवय लावून घ्या.

हातानं करायच्या कामांतल्या दोन-तीन गोष्टी. व्हॉल्व्हच्या बाळाला फोली (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) नको, ५ किंवा ६ नंबरची इन्फंट फीडिंग ट्यूब घाला. जाड, आकसलेल्या मूत्राशयात फोलीचा फुगा युरेटरच्या तोंडावरच बसू शकतो. अडथळा सुटला की लघवी धो धो होते, सोडियम घसरतं, त्यामुळे त्या रात्री झोप विसरा आणि तासातासाला मोजा. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आईचं असतं, त्यावरून घाबरू नका आणि निवांतही होऊ नका. कल्चरसाठी चिकटपिशवीतली लघवी पाठवू नका. त्यात निघालेल्या जंतूंवर विश्वास ठेवून मी एका बाळाला फुकट दहा दिवस इंजेक्शनं दिली आहेत.

भाषेचं बघाच. 'मूत्रविसर्जन' कुणालाच कळत नाही. मराठी आयांना 'शू' म्हणा, कन्नड आयांना 'उच्ची', आणि दोघींना हातानं धार दाखवा. गेल्या पावसाळ्यात एक आजी तापाच्या नातवाला घेऊन आली. आई काही बोलेना. आजीच म्हणाली, "शू करताना लई कुथूलंय ओ, थेंब थेंबच येतंय." आम्ही लंगोट सोडून पाऊण तास पाळण्याशी उभे राहिलो. थेंबच आले. (धार चांगली दिसली म्हणून व्हॉल्व्ह नाहीतच, असंही समजू नका.) पोटावर हात ठेवला तर मूत्राशय लिंबाएवढं कडक.

दुर्बिणीतून व्हॉल्व्ह जाळून झाले. महिन्यानं फॉलोअपला आजी आली ती मोबाइल पुढे करतच. आठ सेकंदांचा व्हिडिओ, बाळ आडवं, मागे कुकरची शिट्टी. "बघा की ओ डॉक्टर," आजी म्हणाली, "माझ्या लुगड्यापर्यंत आली."